पाणी कोणाच्या हाती होतं

आमच्या गावात मोबाइलला नेटवर्क नीट मिळतं ते एकाच ठिकाणी, तलावाच्या पाळीवर. पाळीच्या मधोमध मोहाचं एक झाड आहे. त्याला पाठ टेकवून आरमोरीकडे तोंड करून बसलं की फोनच्या कोपऱ्यातल्या रेघा भरतात. संध्याकाळची भांडी झाली की मी तिथे जायची आणि दुसऱ्या दिवसासाठी दोन पॉडकास्ट उतरवून घ्यायची. एक इतिहासाचा, एक स्वतःला सुधारण्याचा. सासूबाईंना वाटायचं, सून माहेरी फोन लावायला जाते. बरेच दिवस मीही त्यांना तसंच वाटू दिलं, कारण रोज माहेरी फोन लावणारी सून गावाला समजते, रोज इतिहास ऐकणारी समजत नाही.

माहेर माझं राजुऱ्याचं. वडील कोळशाच्या खाणीत फिटर होते. बी.ए.चं पहिलं वर्ष मी इतिहास घेऊन केलं, आणि दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायच्या आधी लग्न होऊन इथे आले. तोवर धान मी शिजल्यावरच पाहिलेला. पहिल्या रोवणीला गेले तेव्हा चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि एक चप्पल कायमची आत राहिली. चप्पल घालून रोवायला आलेली बाई म्हणून मी दोन वर्षं प्रसिद्ध होते.

रोवणीत नऊ-दहा जणी एका रांगेत वाकून उभ्या राहतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हाताने दोन-दोन, तीन-तीन रोपं चिखलात खोचायची आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. सगळ्याजणी एका वेगाने मागे सरकल्या तर रांग सरळ राहते. माझ्यामुळे ती कधीच सरळ राहायची नाही. कमरेत कळ आली की मन दुसरीकडे न्यावं म्हणून मी कानात इयरफोन घालू लागले. बाकीच्या जणी बोलत, एकमेकींची खेचत, मध्येच जुनं गाणं म्हणत, आणि मी आपली मान खाली घालून कुठल्या तरी राजाच्या गादीचा वाद ऐकत असे. त्यांना मी शिष्ट वाटले. खोटं कशाला बोला, थोडी होतेही.

आमच्या टोळीची मुखत्यार होती मोठीबाई. साठी ओलांडलेली, अंगाने काडी, आवाजाने मात्र शाळेची घंटा. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी जायचं, दुपारी किती वेळ बसायचं, हे तीच ठरवायची. गावात तिला सगळे मोठीबाईच म्हणतात, वयाने मोठे असलेलेही. एक दिवस ती रांग सोडून माझ्यापाशी आली, चिखलाच्या हाताने माझ्या एका कानातला इयरफोन काढला आणि स्वतःच्या कानात घातला. वाकलेलीच राहून तिने बराच वेळ ऐकलं. मला वाटलं, आता हा धुऱ्याच्या बांधावर फेकला जाणार.

"एकटीच खाऊन राह्यली का व?" ती म्हणाली. "सगळ्याइले दे."

दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याचा छोटा स्पीकर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माझ्या पाठीवर आला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मला रांगेच्या मधोमध उभं केलं. सगळ्यात हळू बाई मध्ये आल्यावर रांगेचं काय व्हायचं ते झालं. दोन्ही टोकं मागे आणि मी पुढे अडकलेली. बांधीचा मालक धुऱ्यावर उभा राहून बघायचा आणि तंबाखू मळायचा.

इतिहास सांगणारा माणूस रोज वीस मिनिटं बोलायचा. आवाज पुण्याकडचा, शब्द स्वच्छ, सगळं समोर घडतंय असं सांगायची हातोटी. पहिल्याच आठवड्यात एक लढाई आली आणि नऊच्या नऊ जणी ताठ उभ्या राहिल्या. किल्ल्याचा दरवाजा पडेपर्यंत एकही रोप चिखलात गेलं नाही. आमचं काम गुत्त्याचं, म्हणजे एकराच्या हिशेबाने ठरवून घेतलेलं. उशीर झाला तर आमचाच दिवस वाया. मोठीबाईने त्याच दुपारी नियम केला की लढाई जेवताना ऐकायची आणि राज्यकारभार रोवताना. त्यामुळे मला संध्याकाळी पाळीवर बसून प्रत्येक भाग आधी थोडा ऐकून बघावा लागे, त्यात कोणी कोणाला मारतं का म्हणून.

दुसरा पॉडकास्ट एका बाईचा होता. आवाज गोड आणि न थकणारा. रोज एक टक्का सुधारा, असं तिचं म्हणणं. पहाटे पाचला उठा, असं तिने सांगितलं त्या दिवशी आमच्या रांगेत जे हसू उसळलं ते दोन बांध्या पलीकडे ऐकू गेलं असेल. पाच वाजता आमचा सडा, स्वयंपाक, गुरांचं शेण, सगळं होऊन शिदोऱ्या बांधून झालेल्या असतात. उन्हाळ्यात मोह वेचायला तर आम्ही तीनला उठतो. एकीने विचारलं की ही बाई रोज पाचपर्यंत झोपते की काय. दिवसातून अर्धा तास फक्त स्वतःसाठी काढा, हे मात्र कोणी हसण्यावारी नेलं नाही. 

मी तिचं बरंच काही मनावर घेतलं. वही केली. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहू लागले. कुरकुर कमी केली, निदान मोजू तरी लागले. सासूबाईंशी बोलताना आधी मनात दहा आकडे म्हणू लागले, तेव्हा त्यांना वाटलं मला ऐकू कमी येतं. चेष्टा सोडा, पण त्या दोन आवाजांनी मला सावरलं हे खरं आहे. कॉलेज सुटल्यावर माझ्या डोक्याचं काय होणार याची मला भीती होती. ती त्या चिखलात गेली.

मोठीबाईची एक खोड होती. इतिहासाचा कुठलाही भाग संपला, की ती कंबर सरळ करायची, आकाशाकडे बघायची आणि विचारायची, "ते सगळं बराबर. पन पानी कोनाच्या हाती होतं?"

किल्ल्याचा भाग असो, राजधानीचा असो, कोणाच्या राज्याभिषेकाचा असो, प्रश्न तोच. आम्ही हसायचो. मी तर नक्कल करायची. चांद्याच्या गोंड राजांवरचा भाग आला तेव्हा मला वाटलं, आता हिचं समाधान होईल. राजांनी लोकांना तलाव बांधायला कसं उत्तेजन दिलं, जो तलाव बांधेल त्याला खालची जमीन कशी मिळे, हे त्या माणसाने फार सुंदर सांगितलं. आमचा तलावही तसाच जुना असणार, म्हणून सगळ्या जणी कान देऊन ऐकत होत्या. भाग संपला. मोठीबाईने कंबर सरळ केली.

"बांधला, हे समजलं," ती म्हणाली. "पानी कोनाच्या हाती होतं?"

मी जरा वैतागून सांगितलं की मोठीबाई, पाणी राजाच्याच हाती असणार, राज्य त्याचं. मी पहिल्या दिवशी चप्पल घालून आले तेव्हा जशा नजरेने पाहिलं होतं, तशाच नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. मग वाकून जुडी उचलली.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी रोवणी वेळेवर झाली आणि धान चांगला उभा राहिला. पण भाद्रपदातच पाऊस गेला. धान गर्भात असताना, म्हणजे लोंब पोटात धरलेली असताना, पायाशी पाणी लागतं. तेव्हा पाणी तुटलं तर लोंब बाहेर येते, पण दाणा भरत नाही, नुसतं टरफल राहतं. अशा वेळेसाठीच तलाव. पाळीच्या पोटात तुडूम असतं, तलावाचं पाणी सोडायचं तोंड. ते उघडलं की पाणी पाटात येतं, आणि पाट एकेका बांधीवरून पुढे जातो. अडचण अशी, की गेली काही वर्षं तुडूम कोणीही उघडायचा. वरच्या बांध्यांचे मालक आधी आपापली बांधी तुडुंब भरून घ्यायचे. पाणी खाली टोकापर्यंत येईतो तलाव तळाला गेलेला असायचा.

आमची बांधी टोकाची. पाटाच्या अगदी शेवटी, पळसाच्या झुडपांना लागून. घरात खायचा धान तिथूनच येतो. दोन वर्षांपूर्वी तिथे निम्मा धान पोचट निघाला होता आणि सासऱ्यांनी तो गुरांना टाकला होता. त्या वर्षीही मी रोज सकाळी जाऊन चिखलात बोट खुपसून बघायची. आधी बोट ओलं निघायचं, मग नुसतं गार, मग कोरडं. एक दिवस जमिनीला केसाएवढी भेग दिसली.

मोठीबाईची बांधी पाटावरची पहिली, तुडूमाच्या तोंडाशी, पाळीच्या सावलीत. हे मला माहीत होतं, दरवर्षी आम्हीच ती रोवायचो. निंदणाच्या वेळी मी टोकाच्या पाण्याचा विषय काढला, दोनदा काढला, आणि ती दोन्ही वेळा मान खाली घालून निंदत राहिली. मी मनात म्हटलं, हिला काय पडलं आहे. हिच्या धानाच्या पायाशी अजून ओल आहे. पानी कोनाच्या हाती होतं, म्हणे. तुझ्याच हाती आहे ना. हे मी तोंडाने बोलले नाही, पण तीन-चार दिवस तिच्याशी नीट बोललेही नाही. वहीत त्या दिवसांत चांगल्या गोष्टी लिहायला सुचेनात. एका पानावर मी तीनही ओळींत 'तब्येत बरी' असं लिहून ठेवलं आहे.

ग्रामसभा जवळ आली होती. मी ठरवलं की तिथे बोलायचं. आमच्या गावात ग्रामसभेला बायका जातात, रजिस्टरवर सही करतात, भिंतीला टेकून बसतात आणि दिवा लावायची वेळ झाली की उठतात. बोलत कोणी नाही. पण माझ्याकडे शिक्षण होतं आणि मुख्य म्हणजे त्या गोड आवाजाच्या बाईचे 'चारचौघांत बोलण्याची कला' या विषयाचे पाच भाग होते. मी ते पाळीवर बसून पुन्हा पुन्हा ऐकले. सुरुवात प्रश्नाने करा. मग एक गोष्ट सांगा. मुद्द्याचं वाक्य बोलण्याआधी तीन सेकंद थांबा, समोरच्यांवरून शांतपणे नजर फिरवा, त्या शांततेत लोकांचे कान उघडतात. मी मोहाच्या झाडाला प्रश्न विचारले, त्याला गोष्ट सांगितली, आणि त्याच्यावरून शांतपणे नजरही फिरवली.

सभा शाळेच्या पडवीत भरली. उपसरपंच एकेक विषय वाचून हातावेगळा करत होते. नालीचा, दिव्याच्या खांबांचा, शाळेच्या कौलांचा. ऐनवेळच्या विषयांत मी हात वर केला. सगळी पडवी मागे वळली. नवरा खांबाआडून बघत होता. मोठीबाई बायकांत पुढे, माझ्या शेजारी बसली होती.

मी उभी राहिले आणि विचारलं, "तुम्हाला माहीत आहे का, आपला तलाव किती जुना आहे?" कोणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, पण प्रश्न चांगला होता. मग मी राजांची गोष्ट सांगितली. आवाज कापला नाही. लोक खरंच ऐकत होते, तंबाखू मळणारे हात थांबले होते. मला आतून असं वाटत होतं की मी आयुष्यभर हेच करत आले आहे. गोष्ट संपली. आता मुद्दा. टोकाच्या बांध्यांना पाणी आधी द्या, हे एक वाक्य. मी थांबले. नजर फिरवायला सुरुवात केली. एक. दोन.

"चांगली माहिती दिली बाईंनी," उपसरपंच म्हणाले. "टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या. बऱ्याच वाजल्या. आणि टाळ्या वाजल्यावर माणूस बसतो तशी मी खाली बसले. बसल्यावर लक्षात आलं की पाण्याचं मी काहीच बोलले नाही. टाळ्यांनंतर पुन्हा उठायचं कसं, ते त्या पाच भागांत कुठेच नव्हतं. उपसरपंच रजिस्टर मिटायला लागले होते. नवरा माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून मला जास्त रडू आलं. घरचा धान माझ्या तोंडाशी येऊन तीन सेकंदांत गेला होता.

तेव्हा मोठीबाई उठली. उठताना तिने एका हाताने माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि तो हात मग तिथेच राहू दिला.

"थांबा जी," ती म्हणाली. "पोरीचं बोलनं अर्धं राह्यलं. उरलेलं मी सांगते."

उपसरपंचांनी रजिस्टर पुन्हा उघडलं.

"तलाव राजानं बांधला म्हनते. मंग मालगुजाराचा झाला, आता सरकारचा हाये. पानी कोनाच्या हाती होतं, हे कोनी सांगत नाई. रोज आयकून राह्यली मी, तो मानूसबी सांगत नाई. माह्या बुढ्याच्या हाती होतं. पानकर होता तो. पयलं पानी टोकावरच्या बांधीले देये, मंग मधात, अन् तुडूमाजवळच्या बांधीले शेवटी. पाळीखाली पाझर रायते, तिले दम निंगते. टोकाले नाई निंगत. तुडूमाजवळची बांधी तं आमचीच. मी भांडत होती त्याच्यासंग. तरी घरचं पानी शेवटी." तिने दम घेतला. "औंदा तसंच करा. माह्या बांधीत शेवटी सोडा."

एवढंच. तिने कोणावर नजर फिरवली नाही, ती समोरच्या फळ्याकडे बघत होती. ती उभीच राहिली आणि पडवीत कोणी बोललं नाही. तीन सेकंद केव्हाच होऊन गेले. कोणाला टाळ्या वाजवायचं सुचलं नाही, आणि 'बसा' म्हणायची उपसरपंचांना हिंमत झाली नाही.

गावात पाणकर नावाचा माणूस असे, गाव त्याला नेमे आणि कापणीनंतर खळ्यावर धान देई, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मोठीबाईचा नवरा माझ्या लग्नाआधीच गेला होता. तो गेल्यावर कोणी त्या कामाला उभं राहिलं नाही आणि नियमही त्याच्याबरोबर गेला. माझ्या खांद्यावर तिचा हात होता आणि गेले चार दिवस मी तिच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं ते मला आठवत होतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तिचा प्रश्न आम्हाला गंमत वाटायचा. ती मात्र रोज खरंच वाट बघत होती, की एवढ्या मोठ्या इतिहासात कुठे तरी आपल्या माणसाच्या कामाचा एक शब्द निघेल.

दोन म्हाताऱ्यांनी मान हलवली, हो, असंच होतं म्हणाले. दुसऱ्या नंबरच्या बांधीवाला बोलायला उठला, पण काय बोलणार. पहिल्या बांधीची मालकीणच आपलं पाणी मागे ठेवते म्हटल्यावर त्याने थोडी चुळबुळ करून धोतर झटकलं आणि बसला. राहिला प्रश्न राखणीचा. पाट वरच्या सगळ्या बांध्यांना लागून जातो, कोणीही कुदळीचा एक घाव घालून पाणी वळवू शकतो. पाटावर दिवसभर बसायला वेळ कोणाला आहे, असं कोणी तरी म्हणालं. मोठीबाईने मागे वळून आम्हा नऊ जणींवरून नजर फिरवली. ती बरोबर तीन सेकंद असावी.

"दिवसा आमी बसू," ती म्हणाली. "रात्री मानसं बसतीन."

दुसऱ्या सकाळी तुडूम उघडलं. वरच्या बांध्यांची तोंडं आम्ही चिखलाने लिंपून बंद केली, आणि दोघी-दोघींनी पाट वाटून घेतला. मी आणि मोठीबाई पाळीजवळ होतो. स्पीकर पाटाच्या काठावर ठेवला होता आणि त्यातला माणूस कुठल्या तरी दरबाराची हकिकत सांगत होता. दुपारी जेवायला बसलो तेव्हा मी तिला सांगितलं, की मोठीबाई, माझं चुकलं, मी तुमच्याबद्दल वाईट विचार केला होता. तिने भाताचा घास कालवता कालवता सांगितलं की तिला ते समजलं होतं, मी तीन दिवस तिच्या डब्यातली अंबाडीची भाजी घेतली नव्हती. मग तिने माझ्या ताटात भाजी वाढली. मी विचारलं, इतकी वर्षं हे सभेत का नाही बोललात. ती म्हणाली, कोणी विचारलं नाही. आणि थोड्या वेळाने म्हणाली, त्या माणसाला तरी कोण विचारतो, तो रोज बोलतोच ना, तेव्हा वाटलं आपणही बोलून बघावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी आमच्या बांधीत पोचलं. मी पळसाच्या झुडपापाशी उभी होते. आधी धुऱ्याच्या कडेने एक काळी ओली रेघ आली, तिच्या पुढे वाळकी पानं आणि मुंग्या. मग भेगांमध्ये पाणी शिरताना बारीक आवाज यायला लागला. सासरे धुऱ्यावर बसले आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिले. त्या रात्री वहीत मी एकच ओळ लिहिली, पाणी आलं. दुसरी आणि तिसरी चांगली गोष्ट तीच होती.

टोकापासून वर येत येत सगळ्या बांध्यांना पाणी मिळालं. मोठीबाईच्या बांधीची पाळी आली तेव्हा तुडूमातून मनगटाएवढी धार येत होती, ती दोन दिवसांत बोटाएवढी झाली आणि थांबली.

दिवाळीनंतर कापणी सुरू झाली. आमचा धान भरलेला निघाला. सासूबाईंनी नव्या तांदळाचा पहिला भात केला आणि एक वाटी झाकून मोठीबाईकडे नेऊन दिली. दोन दिवसांनी आम्ही तिची बांधी कापायला गेलो. पाळीखालचा धान पाझरावर तगला होता, लोंबा वाकल्या होत्या. पण वरच्या कोपऱ्यात जमीन थोडी उंच आहे, तिथे पाझर चढत नाही. तिथल्या लोंबा ताठ उभ्या होत्या. ताठ लोंब म्हणजे काय ते मला आता कोणी सांगावं लागत नाही. मोठीबाईने एक तोडली, तळहातावर चुरली आणि फुंकर मारली. सगळंच उडून गेलं. हातावर दोन दाणे राहिले, ते तिने तोंडात टाकले.

 मला त्या कोपऱ्याकडे बघवेना. आमच्या घरातल्या कणगीतला निदान तेवढा तरी धान तिथला होता.

"लाव व तुह्या राजाले," ती म्हणाली. "काम थांबून राह्यलं."

मी लावला. कुठल्याशा राजाने बांधलेल्या शहराचा भाग होता. वेशी, बाजार, रस्ते, बागा. आम्ही वाकून कापत होतो, विळ्यांचा सरसर आवाज होता आणि तो पुण्याकडचा माणूस नेहमीसारखं सुंदर सांगत होता. वीस मिनिटं झाली, भाग संपला. मी वाट बघितली. मोठीबाईने कंबर सरळ केली नाही. ती त्या उंच कोपऱ्यातलं तनीस, नुसता पेंढा, कापत होती, गुरांना तरी होईल म्हणून.

मग मीच उभी राहिले.

"ते सगळं बराबर," मी म्हटलं. "पन पानी कोनाच्या हाती होतं?"

नक्कल नव्हती ती, आणि कोणी हसलंही नाही. आठही जणी विळे हातात धरून तिच्याकडे बघत होत्या.

"औंदा आपल्या," मोठीबाई मान वर न करता म्हणाली, आणि तिने पुढची मूठ धरून कापली.